तीन टिचक्या

सोमवार, ४ ऑगस्ट
बसस्टँड, काचेची खोली

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तू आणि भाऊजी बरे असाल. तुझ्या दोन्ही वळूंची चौकशी करत नाही, त्यांना काय धाड भरलीय!

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मी फोन उचलत नाही म्हणून अर्धं पान माझा उद्धार केला आहेस, तो मुकाट्यानं वाचला. अगं, इथं असते तेव्हा दर चार मिनिटांनी माइकवर गाडी पुकारायची असते. घरी असते तेव्हा बोलायची सोय नसते. त्यापेक्षा पत्र बरं, जेवणाच्या सुट्टीत दोन ओळी, चहाच्या सुट्टीत दोन. मधेच वाक्य तुटलं तर समज की फलाट सहावर कुणाची तरी गाडी लागली.

तू मे महिन्यात दोन दिवस राहून गेलीस आणि तेव्हापासून तुझं एकच पालुपद. 'एवढं निवांत घर मी जन्मात पाहिलं नाही. दोन लहान पोरं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल! शनिवार-रविवारचं तुझं वेळापत्रक लिहून पाठव, मी फ्रिजवर लावते.' बरं बाई, लाव. वेळापत्रकावर तर माझं पोट चालतं, तेव्हा त्यात चूक निघायची नाही.

तयारी शुक्रवारी संध्याकाळी. कुकर आणि मिक्सर दोन्ही शुक्रवारीच उरकून घ्यायचे, शनिवारी नुसतं गरम करायचं. स्टीलची भांडी वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या ताटल्या खाली. दाराच्या बेलची तार आम्ही केव्हाच सोडवून ठेवली आहे. दूधवाल्याला आणि शेजारणीला माहीत आहे, दारावर बोटानं टिचकी मारायची.

शनिवारी सकाळी हे रात्रपाळीवरून येऊन झोपले की मुलांच्या पायात मोजे. मोजे चढले की सुट्टी सुरू. पहिला तास चमच्यांचा. दोन वाडगे खोलीच्या दोन टोकांना, एकात पाणी, ते चमच्या-चमच्यानं दुसऱ्यात न्यायचं. सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. यात टिल्लूसारखा तीन वर्षांचा मुलगासुद्धा पाऊण तास गुंततो. मग बटणं. माझ्याकडे जुन्या बटणांचा डबा आहे, ती रंगाप्रमाणे लावायची, पण घोंगडीवर, फरशीवर नाही. मग धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या. मग बटाटे धुणं, तेही नळ बारीक सोडून.

जेवण झालं की ओठांची गोष्ट. मी पुस्तक धरते आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवते. मुलं माझ्या तोंडाकडे बघून गोष्ट ओळखतात. भोंगाबाई यात इतकी तयार झाली आहे की आता रस्त्यात लांबून येणाऱ्या माणसांचं बोलणंही सांगते. तिला भोंगाबाई हे नाव तूच ठेवलंस, आठवतं? जन्मली तेव्हा अख्ख्या वॉर्डाला जागं केलं होतं कार्टीनं.

दुपारी लपाछपी. हाका नाहीत, 'साईसुट्ट्यो' नाही. सापडला त्याला नुसता हात लावायचा. लपायच्या जागा ठरलेल्या. पलंगाखाली, पडद्यामागे आणि बोळकांडीतल्या त्या अंथरुणांच्या लाकडी कपाटात. कपाटाची बाहेरची खिट्टी सैल झाली आहे, सुतार बोलवायला हवा, पण त्याची ठोकठोक कोण सोसणार? राहिलं आहे तसंच.

आणि हाका मारायच्या नाहीत म्हणून टिचक्या. लाकडावर एक टिचकी म्हणजे हो. दोन म्हणजे शू लागली. तीन म्हणजे आई, इकडे ये. तीन मारून गप्प बसायचं, शंभर आकडे मोजायचे, मग पुन्हा तीन. घाई केली तर ती टिचकी धरायची नाही.

संध्याकाळी पाचला हे उठतात. तोवर आमचा दिवस कसा गेला ते आम्हालाही कळत नाही.

झालं वेळापत्रक. घरोघरी मातीच्या चुली, तेव्हा तुझ्या घरी हे असंच चालेल असं नाही. वळूंना माझ्याकडून एक-एक धपाटा.

तुझी
धाकटी


सोमवार, २५ ऑगस्ट
बसस्टँड

प्रिय ताई,

पत्र वाचून एवढी हसले की माइक चालू आहे हे विसरले. बाहेरच्या प्रवाशांना फलाट दोनवरच्या गाडीबरोबर माझं खिदळणंही ऐकावं लागलं. नियंत्रकसाहेब काचेवर बोट आपटून गेले.

म्हणजे चमच्यांचा खेळ साडेतीन मिनिटं चालला, मग थोरल्यानं वाडगा डोक्यावर पालथा घातला आणि धाकट्यानं चमच्यानं तो वाजवला. आणि ओठांची गोष्ट सांगायला बसलीस तर दोघांनी तुझ्या तोंडात बोटं घालून आवाज कुठं अडकला ते शोधलं. ताई, तुझ्या घराचं काही खरं नाही. पण ते एक वाक्य मी दोनदा वाचलं, 'शेवटी मीच ताट घेऊन बडवायला बसले, फार बरं वाटलं.'

थांब, गाडी लागली.

हं. तर तू विचारलं आहेस की एवढी सुट्टी असते तर आम्ही बाहेर का जात नाही. कोपऱ्यावर बाग आहे, झोके आहेत. खरं आहे. एकदा गेलो होतो. सकाळी हे झोपल्यावर हळूच दार ओढून घेतलं आणि तासाभरात आलो. टिल्लूच्या हातात फुगा होता. हे जिन्यात उभे होते, अंगातला सदरा घामानं चिंब. म्हणाले, "कुठं गेला होतात? घर रिकामं झालं की माझ्या कानातला आवाज वाढतो."

कानाचं तुला मागे लिहिलं होतं. छापखान्यात पंधरा वर्षं त्या मोठ्या यंत्राशेजारी उभं राहून ह्यांच्या कानात सतत आवाज राहतो. कधी शिट्टीसारखा, कधी कुणी ठोकतंय असा. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, सवय करून घ्या. घरात गडबड झाली की डोकं उठतं. आणि घरात कुणी नसलं तरीही उठतं. आम्ही असायला हवं आणि ऐकू यायला नको, असं आहे. तसं ते कठीण नाही, सवयीचा भाग आहे. हे कधी ओरडत नाहीत हो, हात तर नाहीच नाही. नुसतं दार उघडून उभे राहतात आणि बघतात. मग मुलं आपोआप खाली बसतात.

त्या दिवसापासून आम्ही जात नाही. फुगा फुटेल म्हणून मी जिन्यातच त्याची गाठ सोडली.

तक्रार करत नाही. कुणाला कसला त्रास, कुणाला कसला. मला इथं पाच दिवस हवं तेवढं बोलायला मिळतं, अख्खा स्टँड ऐकतो. भोंगाबाई एकदा शाळा सुटल्यावर इथं आली होती, काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. बाहेर आले तर कानात म्हणते, "आई, तुला इथं कुणी रागवत नाही?"

तिच्या बाईंनी मागच्या आठवड्यात मला बोलावलं होतं. विशेष काही नाही. हजेरी घेताना ती हजर म्हणत नाही, बाकावर एक टिचकी मारते. बाईंनी विचारलं, "घरी कुणाला ऐकायला येत नाही का हो?" मी म्हटलं, "उलट, फारच येतं." बाई हसल्या नाहीत. तिला पहिल्या बाकावर बसवलं आहे. होईल ठीक, लाजरी आहे जरा.

आणखी एक विचारलं आहेस. भाऊजींच्या ओळखीचा कुणी म्हणत होता की छापखान्याचा रात्रीचा विभाग बंद झाला. लोक काय, काहीही बोलतात. त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन, आता सुट्टी संपत आली.

तुझी
धाकटी

ता.क. तू ताट कशानं बडवलंस? पळीनं की लाटण्यानं?


सोमवार, १५ सप्टेंबर
घरून

ताई,

आज कामावर गेले नाही. घसा बसला आहे. तोंडातून नुसती हवा येते, माइकवर काय बोलणार. घसा कसा बसला ते लिहायलाच बसले आहे, आणि या वेळी कुणाची गाडी लागली तरी थांबणार नाही.

आधी ते राहिलेलं सांगते. भाऊजींच्या ओळखीचा माणूस खोटं बोलला नाही. रात्रीचा विभाग एप्रिलमध्येच बंद झाला. ह्यांना तेव्हापासून काम नाही. रात्रपाळीही नाही. सकाळी येतात आणि झोपतात असं मी तुला लिहिलं, ते कुठूनही येत नाहीत, ते त्या खोलीतच असतात. मुलांनाही मी तेच सांगत आले, बाबा रात्री कामाला जातात. कुणाला सांगू नकोस म्हणाले, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. तू मे महिन्यात आलीस त्या दोन्ही रात्री हे डबा घेऊन निघाले होते, आठवतं? माझ्याच स्टँडवर बाकावर बसून राहिले होते. सफाईवाल्या बाईनं मला सांगितलं. मी तिला म्हटलं, गाडी चुकली असेल.

म्हणजे बघ, काम गेलं आणि झोप राहिली. मला हे कळत होतं. दर शनिवारी मोजे चढवताना कळत होतं. पण ज्या माणसाचं सगळं गेलं, त्याच्याकडून शांतता कशी काढून घ्यायची, असं वाटायचं. आणि खरं सांगू, मला भीतीही वाटायची. त्यांची नव्हे. मी एकदा बोलायला लागले तर थांबणार नाही, याची.

परवाच्या शनिवारचं सांगते.

दुपारी लपाछपी चालली होती. राज्य टिल्लूवर. तो शोधता शोधता चटईवर आडवा झाला आणि तिथंच झोपला. भोंगाबाई कुठंतरी लपलेली. मला वाटलं, असू दे, कंटाळली की येईल. हाक मारायची नाही हा तर आमचा नियमच. मी चहा टाकला. खिडकीशी बसून चहा प्यायले, ताई, मुलं झाल्यापासून पहिल्यांदा गरम असताना संपवला. पाय वर घेतले. मनात आलं, ताई म्हणते ते खोटं नाही, किती निवांत घर आहे हे. मधे एकदा कुठंतरी टकटक झाल्यासारखं वाटलं. वरच्या मजल्याचा पाइप असेल म्हणून सोडून दिलं. मग डोळा लागला.

जाग आली तेव्हा घड्याळात चार वाजून गेले होते. ती लपली होती सव्वातीनच्या आधी.

मी उठले आणि शोधायला लागले. आणि आता जे लिहिते ते वाचून तू मला माफ करशील की नाही, माहीत नाही. मी तिला कुजबुजत शोधत होते. पलंगाखाली वाकून कुजबुजले. मोरीत कुजबुजले. पडदा बाजूला करून कुजबुजले. गॅलरीच्या कठड्यावरून खाली पाहिलं, दोन मजले खाली, आणि तेव्हाही माझ्या तोंडून तिचं नाव कुजबुजतच निघालं. खाली कुणी नव्हतं. आणि मी अजून मोज्यांवरच चालत होते.

मग काय झालं कळत नाही. मी घराच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले. स्टँडवरच्या आवाजात, माइकशिवाय. भोंगा! भोंगाबाई! टिल्लू दचकून उठला आणि रडायला लागला. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. मी ओरडतच होते. मधे श्वास घ्यायला थांबले, तेव्हा बोळकांडीतून ऐकू आलं.

टक, टक, टक.

एवढी मी ओरडत होते, नावानं हाका मारत होते, आणि पोरीनं ओ दिली नाही. टिचक्या मारल्या. तीन. मग गप्प.

कपाटाची ती सैल खिट्टी बाहेरून पडली होती. पोरीनं आतून दार ओढून घेतलं तेव्हा पडली असणार. मी उघडलं तर रजयांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, केस घामानं कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. उजव्या हाताचं बोट तोंडात. बाहेर काढलं तर नखाजवळ सोललेलं. मी तिला ओढून छातीशी धरलं. तिनं माझ्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "मी प्रत्येक वेळी शंभर मोजले. बाबा उठले नाहीत ना?"

ताई, मला तेव्हा रडूही आलं नाही.

बाबा उठले होते. खोलीच्या दारात उभे होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. पाच महिन्यांचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी बोलायच्या आत हेच बोलले.

"मी ऐकत होतो."

मी म्हटलं, "काय ऐकत होतात?"

"टकटक. तीन, मग थांबायची. पुन्हा तीन. मी जागाच होतो. मला वाटलं, माझ्या कानातलीच आहे." मग भिंतीला पाठ घासत खाली बसले. "उशी घेतली कानावर."

उशी घेतली कानावर. पोरगी बोट सोलेपर्यंत ठोकत होती, भिंतीच्या एका बाजूला बाप उशी घेऊन, दुसऱ्या बाजूला आई चहा पिऊन झोपलेली. आणि दोघांनीही ते ऐकलं होतं. त्यांच्यावर तरी काय म्हणून ओरडू? मी पाइप समजले, त्यांनी कान समजला.

पाणी पाजलं, बोटाला पट्टी बांधली. ती टिल्लूला खुणेनं गप्प बस म्हणत होती. शेजारीण दारात येऊन उभी राहिली तर ह्यांनीच तिला सांगितलं, "पोर कपाटात अडकली होती. आणि मी रात्रपाळीला जात नाही, एप्रिलपासून." शेजारणीला हे कशाला सांगायचं होतं, कोण जाणे. ती बिचारी बरं म्हणून गेली.

काल रविवारी सकाळी हे खुर्ची घेऊन दाराशी गेले आणि बेलची तार जोडली. भोंगाबाई मोजे घालून बाजूला उभी राहून बघत होती. तार जोडून झाली तसं तिला उचललं आणि म्हणाले, "वाजव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं बटणावर पट्टीचं बोट ठेवलं. आम्ही तिघं वाट बघत होतो, टिल्लूसुद्धा. बोट तसंच राहिलं. हे पुन्हा म्हणाले, "वाजव ग, मी नाही रागावणार." तिनं बोट काढलं, दारावर तीन टिचक्या मारल्या, अगदी हळू, आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, चुकलं तर नाही ना म्हणून.

ह्यांनी तिला खाली ठेवलं आणि खोलीत गेले. दार लावून घेतलं नाही, एवढं खरं.

तर ताई, ते वेळापत्रक फ्रिजवरून काढ. फाडून टाक, मुलांना होड्या करायला दे, काहीही कर. ते निवांतपणाचं नव्हतंच. तू नेहमी म्हणतेस, धाकटी कधी काही मागत नाही. आज मागते. येत्या शनिवारी ये. भाऊजींना सांग आठवडाभर सांभाळून घ्यायला. आणि एकटी येऊ नकोस, दोन्ही वळूंना घेऊन ये. बूट काढायला लावू नकोस. त्यांना शिकवून, बजावून आणू नकोस. येताना ताट आणि लाटणं आणलंस तरी चालेल, माझी भांडी वरच्या फळीवर आहेत, ती मी काढीनच.

सुतार उद्या येतो आहे. ठोकठोक होणार, हे ह्यांना सांगितलं आहे. कानाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडेही जाऊ म्हणाले, जातील की नाही ते बघू. मी फार आशा धरत नाही. भोंगाबाईची मात्र धरते. तिचा आवाज गेलेला नाही ताई, मी डॉक्टरांना दाखवलं, घसा स्वच्छ आहे. तो आम्ही तिच्याकडून काढून घेतला आहे, चमच्या-चमच्यानं, आणि कसा परत द्यायचा ते मला येत नाही. तुझ्या पोरांना येत असेल.

आल्यावर टिचकी मारू नकोस. थोरल्याला उचलून घे आणि बेल दाबू दे. दार उघडलं तरी दाबू दे. भोंगाबाई आत उभी असेल, तिचे कान दुखेपर्यंत दाबू दे.

दाराच्या आत वाट बघत असलेली,
बसलेल्या घशाची, तुझी
धाकटी